रेट लावणारं एआय: देवबागच्या चार रूमना एक अख्खा सीझन लावून बघितलं

आधी स्टार सांगून टाकते, पाचापैकी अडीच. नुसत्या रूम भरण्यापुरतं बोलायचं तर चार दिले असते, पण डिसेंबरनंतर जे कळत गेलं त्यामुळे दीड कापलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा पोरगा अजून फोन करतो आणि बोलायला गोड आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय.

आम्ही मालवणजवळच्या देवबागला. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घर आणि घरामागे चार रूम, दोन एसी दोन साध्या. नवरा बोट बघतो, मी रूम आणि जेवण. आजवर रेट कसा ठरायचा तर संध्याकाळी कुंपणावरून शेजारणीला विचारायचं किती लावलास गो, मग आपले पन्नास-शंभर इकडेतिकडे करायचे आणि बाकीचं फोनवरचा माणूस किती घासाघीस करतो त्यावर. (हे कुंपणावरचं विचारणं लक्षात ठेवा, पुढे त्यावरून माझीच फजिती झालीय.)

ऑक्टोबरात पोरगा लॅपटॉप घेऊन दारात. ताई तुमचा रेट आता आमचं एआय ठरवणार, दर तासाला, तुम्ही फक्त मासे तळा. महिन्याला १,४९९, पहिले दोन महिने फुकट. बुकिंग साइटच्या कॅलेंडरला हे जोडलं जातं, किती लोक देवबाग-तारकर्ली शोधतायत, किती रूम शिल्लक आहेत, वीकेंड कुठला, सुट्टी कुठली, गोव्यात रेट काय चाललाय असं सगळं बघून तुमचा आकडा आपोआप बदलतो. वर व्हॉट्सॲपवर बॉट, रात्री दोन वाजता कोणी विचारलं एसी आहे का तर उत्तर देतो. सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "गो, रेट मशीन ठरवता तर तू कित्याक बसलंस?" मी हसले तेव्हा.

चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. जानेवारीतले मंगळवार-बुधवार आमच्याकडे कायम रिकामे, मी कधी १,८०० च्या खाली उतरले नसते, याने सरळ १,४५० लावले आणि कोल्हापूर-बेळगावची माणसं आली, जेवण धरून मला परवडलं. गोव्यात गर्दी होऊन तिथले रेट चढले की लोक इकडे सरकतात हे आम्हाला दोन दिवस उशिरा कळायचं, याला त्याच दुपारी कळतं. बॉटचं मराठी मात्र सरकारी परिपत्रकासारखं, "आपल्या आगमनाची वेळ कळविण्यात यावी", एका पुणेकर काकूंनी फोन करून विचारलं हे होमस्टे आहे की तहसील.

एक जागा जिथे रेट लावणारं एआय सपशेल आपटलं ती म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख काही पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल झाला की जाहीर होते, म्हणजे मशीनने मागची दहा वर्षं जरी पाठ केली तरी पुढची तारीख त्यातून निघणार नाही. तारीख फुटल्याबरोबर मुंबईचे चाकरमानी फोन लावायला लागतात, ज्यांचं घर पडलंय किंवा भावाभावांत बोलणं नाही ते रूमच शोधतात, आणि आमचं एआय त्या रात्रीला शांतपणे १,७०० दाखवत बसलेलं. तासाभरात चारही रूम गेल्या, मग याला जाग आली आणि नसलेल्या रूमचा रेट त्याने ४,२०० केला.

आता अडीच स्टारचं कारण.

३१ डिसेंबरला माझ्या एसी रूमचा रेट याने ६,४०० ला नेऊन ठेवला. आमच्या आयुष्यात आम्ही चार हजाराच्या वर गेलो नव्हतो. मला वाटलं कोण येतंय, पण आले, दोन्ही रूम गेल्या आणि खरं सांगते, खूश झाले. मग संक्रांतीनंतर शेजारी हळदीकुंकू होतं, आम्ही सात जणी होमस्टेवाल्या, तिळगूळ हातात आणि विषय थर्टीफर्स्टचा. एक म्हणाली मला ६,३५० मिळाले, दुसरी म्हणाली ६,४००, तिसरी ६,४५०. फोन बाहेर निघाले. सातांपैकी पाच जणींकडे हेच ॲप! तोच पोरगा, तेच ताई तुम्ही फक्त मासे तळा. ज्या दोघींकडे नव्हतं त्यांनीही आमचे आकडे साइटवर बघून आपले वर सरकवलेले. म्हणजे पुण्यातला माणूस रात्री बसून या पट्ट्यात स्वस्त रूम शोधत असेल तर त्याला एकच आकडा वेगवेगळ्या दारांवर लिहिलेला दिसत होता, घासाघीस करायची कुठे?

मला तेव्हा फक्त गंमत वाटली. गंमत घालवली भाच्याने. नणंदेचा मुलगा, कुडाळला वकिली करतो, माशांच्या जेवणाला आला होता. सोलकढी पिता पिता म्हणाला, "मामी, तुम्ही सात जणी ओटीवर बसून ठरवलं असतंत की ६,४०० च्या खाली कोणी द्यायचं नाही, तर त्याला कार्टेल म्हणतात. स्पर्धा कायदा २००२, कलम ३." मी म्हटलं आम्ही काही ठरवलंच नाही, आमचं तर एकमेकींशी थर्टीफर्स्टबद्दल बोलणं पण झालं नव्हतं. तो म्हणाला तीच तर भानगड आहे. आणि मग कुंपणावरून रेट विचारायची सवय मी भोळेपणाने सांगितली तर तो कपाळावर हात मारून घेतो! एकाच धंद्यातल्या दोघांनी एकमेकांचे पुढचे रेट विचारून आपले लावणं हे पण त्याच्या पुस्तकात बसतं म्हणे, फक्त दिल्लीहून भारतीय स्पर्धा आयोग, म्हणजे असल्या साटंलोट्यावर लक्ष ठेवणारं सरकारी मंडळ, देवबागच्या कुंपणाशी येणार नाही एवढंच. कार्टेल सिद्ध झालं तर दंड किती, तर जितकी वर्षं चाललं तितक्या दरेक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते इथवर जाऊ शकतो. माझ्या हातातली कढी सांडली.

नवऱ्याला मात्र हे लगेच कळलं, त्याने मासळीचा लिलाव आयुष्यभर बघितलाय. सुरमईची टोपली उतरली, बोली सुरू झाली, चार व्यापारी उभे, आणि कधीकधी काय होतं तर एक जण बोलतो आणि बाकीचे तिघे उगाच दर्याकडे बघत राहतात. कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं, नुसतं डोळ्यांनी ठरतं आणि बोटवाल्याची टोपली पडेल भावात जाते. तो म्हणाला तुमचं तेच झालंय, फक्त तुम्हाला डोळे पण फिरवायला लागले नाहीत, आणि यावेळी फसला तो विकणारा नाही तर घेणारा.

भाच्याला चेव चढला होता, मी पण वही घेऊन बसले, कारण पुढचं सबस्क्रिप्शन भरायचं की नाही हे ठरवायचं होतं. तर आपल्याकडे ओला-उबरवर अशीच तक्रार झाली होती, की हजारो ड्रायव्हरांचं भाडं एकच ॲप लावतं म्हणजे ही भाड्याची मिलीभगतच, पण आयोगाने ती २०१८ ला फेटाळली आणि डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं, कारण ड्रायव्हरांनी आपापसात काही ठरवल्याचं दिसलं नाही. पण २०२३ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती अशी समजा. बैलगाडीच्या चाकात मधे तुंबा असतो आणि भोवती आरे, आरे एकमेकांना शिवत नाहीत पण सगळे तुंब्यात रुतलेले. दुरुस्तीनंतर तुंबा स्वतः त्या धंद्यात नसला, म्हणजे इथे ॲपवाल्याची एकही रूम नसली, तरी साटंलोटं पुढे न्यायला त्याने हात लावला तर तोही त्यात धरला जातो. मात्र मुळात आऱ्यांमधलं साटंलोटं दिसायला हवं, आणि ते नुसत्या सारख्या आकड्यांवरून दिसतं का यावरच सगळी मारामारी.

अमेरिकेत यावर खरोखर जुंपलीय. तिथे भाड्याच्या घरांचे दर सुचवणारी रिअलपेज म्हणून कंपनी, तिच्यावर तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये केस टाकली, की घरमालकांची आतली माहिती, जी ते एकमेकांना कधी दाखवणार नाहीत, ती एका जागी ओतून त्यातून सगळ्यांना दर सुचवले जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तडजोडीचा मसुदा आला, त्यात अट अशी की अशी खाजगी माहिती मशीनला शिकवायला वापरायची तर ती निदान १२ महिने जुनी पाहिजे. उलट लास वेगासच्या हॉटेलांवरची केस ऑगस्ट २०२५ मध्ये अपिलातही टिकली नाही, कोर्ट म्हणालं प्रत्येक हॉटेलने आपापलं एकच सॉफ्टवेअर विकत घेतलं एवढ्याने गुन्हा होत नाही, आणि तिथे एकाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या रेटात मिसळते असा मुद्दाच अपिलात उरला नव्हता.

म्हणजे मेख कुठे आहे कळलं का? पाच जणींकडे एकच मशीन आहे यात नाही. माझी वही शेजारणीच्या रेटात ओतली जाते का, यात आहे.

हे मी पोराला फोन करून सरळ विचारलं. बाबा, माझी बुकिंगं, माझी कॅन्सलेशनं, फोनवर मी कितीला सोडलं ते तुम्ही दुसऱ्यांचा रेट काढायला वापरता का? तो म्हणाला ताई डेटा ॲनोनिमस असतो. आता देवबागच्या या तुकड्यात दोन एसी दोन साध्या अशा रूम किती जणांकडे आहेत, बारा घरांच्या वाडीत नाव पुसलं तरी कुत्रं कोणाचं भुंकतंय ते कळतंच. मग त्याने वरच्या कोणाला तरी जोडून दिलं, त्या बाईंनी पाच मिनिटं इंग्रजीत "मार्केट इंटेलिजन्स" सांगितलं आणि शेवटी कबूल केलं की सेटिंगमध्ये आत, आणखी आत, "मार्केट सिग्नल शेअर करा" म्हणून एक बटण आहे आणि ते आधीपासूनच चालू असतं. चार महिने चालू होतं, मला पत्ता नाही. लिहून पाठवा म्हटलं तर आजतागायत मेल नाही.

बटण बंद केलं. पहिल्या आठवड्यात रेट येडेवाकडे यायला लागले, मशीन जरा बावचळलं. पण मार्चमधल्या एका वीकेंडला शेजारच्या चौघींचे आकडे २,९०० च्या आसपास आणि माझा २,३५०, आणि माझ्या रूम सगळ्यात आधी भरल्या. भाचा म्हणतो मामी हीच स्पर्धा. शेजारीण म्हणाली, "रेट पाडलंस गो." दोन दिवस बोलत नव्हती. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या घराचा हप्ता चालू आहे.

दिल्लीवाल्यांना हे ठाऊक नाही असं समजू नका. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआय आणि स्पर्धा यावर अख्खा अभ्यास छापलाय, त्यात अल्गोरिदमने होणारी मिलीभगत, गिऱ्हाईक बघून वेगळा दर लावणं, स्वतःचाच माल पुढे करणं हे सगळं नावानिशी आहे, आणि कंपन्यांना सांगितलंय की आपापल्या एआयची आपणच तपासणी करा. आपणच! म्हणजे मांजराला म्हणायचं बाई दूध मोजून ठेव. पण आयोग नुसता लिहीत बसतो असंही नाही, रूमच्याच धंद्यात ऑक्टोबर २०२२ ला मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड लावला होता. त्यात एक मुद्दा आम्हा लहान लोकांच्या जिव्हाळ्याचा, हॉटेलने दुसरीकडे किंवा स्वतःच्या साइटवरही कमी रेट द्यायचा नाही ही जी अट घातली जायची ती काढायला लावली. ज्यांना कोणी सांगतं की थेट फोनवरच्या गिऱ्हाइकाला स्वस्त देऊ नका, त्यांनी हा निकाल डोक्यात ठेवावा.

आता पैशाचं. फेब्रुवारीपासून १,४९९ चे २,१९९ झाले. कारण काय तर बॅकेंडचा खर्च वाढला. खोदून विचारल्यावर कळलं की एआय यांचं स्वतःचं नाहीच, वर यांचा रंग आणि आत एका परदेशी मोठ्या कंपनीचं मॉडेल, तेही दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर, आणि त्याखालच्या चिपा बहुतेक करून एनव्हिडियाच्या. वरच्या थरात दुकानं शंभर, खाली उतरत जावं तसे मालक बोटांवर मोजण्याएवढे. मासळीसारखंच आहे हे, बाजारात विकणाऱ्या बायका पन्नास दिसतात पण बर्फाचा कारखाना एकच असला की बर्फाचा भाव वाढल्यावर पन्नासही जणी एकदमच वाढवतात, त्यात कोणी कट केलेला नसतो. पोराला मी बोलले नाही, त्याच्या हातात काय आहे.

मोठ्यांना आधीच वेसण घालायची म्हणून डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला होता, पण त्याच्या अटी बघितल्या तर भारतातली उलाढाल ४,००० कोटी, एक कोटी वापरणारे किंवा १०,००० धंदेवाले असल्या मापाच्या, त्यात माझ्या ॲपवाल्यासारखा बारका मासा जाळ्यातून खालीच पडणार. देवबागला मात्र तोच देवमासा.

नवरा म्हणतो एवढे पैसे कशाला, फोनमध्ये फुकटचं एआय आलंय त्यालाच विचार. खरंय, मधे फुकटाचा पाऊसच पडला, जुलै २०२५ ला एअरटेलने आपल्या ३६ कोटी गिऱ्हाइकांना परप्लेक्सिटी वर्षभर दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने ३५,१०० रुपयांचं जेमिनी १८ महिने फुकट म्हणून जाहीर केलं, ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो पण वर्षभर. मी वापरते, गेस्टना पाठवायचे मेनू त्यात छान होतात आणि मराठी आमच्या बॉटपेक्षा पुष्कळ बरं. पण फुकटाचं पुढे काय होतं ते आपण २०१६ ला सिमकार्डात बघितलंय. तेव्हा एअरटेलने तक्रार केली होती की जिओ फुकट देऊन बाजार मारतंय, आयोगाने २०१७ ला ती काढून टाकली, म्हणे नवीन आलेला खेळाडू वर्चस्वात नाही, आणि तोट्यात विकून दुसऱ्याला मारणं हे कलम ४ खाली गुन्हा तेव्हाच जेव्हा विकणारा आधीच दादा असतो. एआयमध्ये आज दादा कोण हेच ठरायचंय, तोवर खाऊन घ्या. वाढदिवसाला फुकट जेवायला गेलो तरी पाकीट नंतर द्यावंच लागतं.

व्हॉट्सॲप बॉटचीही एक धाकधूक झाली मधे. १५ जानेवारी २०२६ पासून व्हॉट्सॲपच्या बिझनेस सेवेत बाहेरची सर्वसाधारण, म्हणजे काहीही विचारा असली, चॅटबॉटं चालणार नाहीत असं व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीने, मेटाने, ठरवलं, स्वतःचं मेटा एआय मात्र तिथे बसलेलं, त्यावर इटलीने डिसेंबरात हे थांबवा म्हणून हुकूम काढला आणि युरोपियन कमिशननेही चौकशी लावली. आमच्यासारख्या दुकानदाराच्या गिऱ्हाईक-उत्तरांच्या बॉटला बंदी नव्हती म्हणून आमचा तहसीलदार वाचला. पण तेव्हा कळलं की माझी निम्मी बुकिंगं ज्या वाटेने येतात ती वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते.

घ्यायचं असेल तर घ्या, रिकामे वार भरतात हे खोटं नाही. फक्त पहिल्याच दिवशी ते बटण शोधून बंद करा, रेटला वरची आणि खालची हद्द स्वतः घाला (ती सोय आहे, पोरगा सांगत नाही), आणि तुमची जुनी बुकिंगं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का ते डेमोतच करून दाखवायला लावा. मला हे सुचलं नाही, आता सोडायचं म्हटलं तर अख्ख्या सीझनचा हिशोब त्यांच्याकडे आणि बाहेर निघतो तो फक्त तीस दिवसांचा पीडीएफ. सध्या रोज रात्री बसून जुन्या तारखा वहीत उतरवतेय, सासूबाई चष्मा लावून आकडे वाचून दाखवतात, नोव्हेंबरपर्यंत आलोय.

वही पुरी झाली की बंद करणार. बाकी मेच्या दुसऱ्या वीकेंडला दोन एसी रिकाम्या आहेत, २,४००, जेवण वेगळं, सुरमई मिळाली तर सुरमई नाहीतर जे दर्या देईल ते. फोन करा, थोडं कमी-जास्त होईल.